काढण्याची तारीख

आमच्या ह्यांच्या पायाला भिंगरी लागली ती मी पडले त्या दिवसापासून नव्हे, त्यानंतर दोन आठवड्यांनी. हे आधीच सांगून ठेवते, कारण शेजारच्या शिंपीणबाई सगळीकडे सांगत सुटल्यात की बायकोचा हात मोडला आणि बिचारा माणूस सैरभैर झाला. बिचारा म्हणे! माझा हात मोडला त्या दिवशी हा बिचारा माणूस स्वयंपाकघरात शीळ घालत पाणी कोमट करत होता.

हे मोठ्या दवाखान्यात प्लास्टरच्या खोलीत होते. एकतीस वर्षं. डॉक्टर हाडांचा फोटो बघायचे, दोन शब्द बोलायचे आणि पुढच्या पेशंटकडे जायचे. मागे उरायचा मोडका हात नाहीतर मोडका पाय आणि घाबरलेला माणूस. तो ह्यांच्या ताब्यात. पट्टी कोमट पाण्यात बुडवायची, बुडबुडे थांबले की काढायची, हलकी पिळायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवायचा आणि तळव्यानं सारखं करत जायचं. बोटाचा ठसा उमटला तर ह्यांना रात्रीचं जेवण जात नसे. शेवटी निळ्या पेनानं दोन तारखा लिहायच्या. एक घातल्याची, एक काढण्याची. पोरं म्हणायची फूल काढा, मोटार काढा. नाही म्हणजे नाही. तारखा! सगळं गाव ह्यांना प्लास्टरमामा म्हणतं. भाजी घ्यायला गेलं की कोणीतरी बाही वर करून कोपर दाखवतंच, मामा, बघा, पूर्ण सरळ होतोय.

आणखी एक गोष्ट होती, त्यावरून ह्यांनी सिस्टरबाईंच्या शिव्याही खाल्ल्या. एखाद्याचा हात किंवा पाय पूर्वीसारखा होणार नसेल, तर डॉक्टर ते असं काही बोलून जायचे की माणसाला कळू नये. मग हे स्टूल ओढून त्याच्यासमोर बसायचे, त्याचा चांगला हात धरायचे आणि सरळ सांगायचे. सांगून झालं की गप्प बसायचे. तो रडेल, भांडेल, भिंतीकडे तोंड करेल. ह्यांनी पट्टीला हात लावायचा नाही. बाहेर रांग दरवाज्यापर्यंत गेलेली असायची, सिस्टर ओरडायच्या, "मामा, उरका!" हे म्हणायचे, "थांबा जरा." घरी येऊन मला सांगायचे, तेव्हा मी म्हणायचे, किती हो तुमचं हे. आत मात्र मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तर ही ह्यांची बाजू. माझी बाजू म्हणजे घरामागची बाग. एक अंजीर, कुंपणालगत नऊ गुलाब, भाजीचे चार वाफे आणि डेलिया. तीन कंदांवरून वाढवत वाढवत अडतीस झाडं केली मी. डेलिया ही चीज अशी की उन्हाळा संपता संपता बहरते आणि पहिलं गोठवणारं दहिवर पडलं की एका रात्रीत काळी पडते. झाड गेलं तरी कंद जिवंत असतो. जमीन गोठायच्या आत तो अलगद उकरायचा, माती झाडायची, वाळवायचा आणि पेटीत कोरड्या वाळूत निजवायचा. एक हात फावड्याला, एक कंदाखाली. घाई केली की मान मोडते, आणि मान मोडलेला कंद पुन्हा फुटत नाही. ह्यांनी एकतीस वर्षांत ह्यातल्या एकाही कंदाला हात लावला नाही. प्लास्टरनं हात फुटायचे ह्यांचे, भेगांत माती गेली की आग व्हायची. मी माफ केलं होतं.

ह्या उन्हाळ्यात हे निवृत्त झाले. दवाखान्यानं भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि मुदत संपलेल्या, टाकून द्यायच्या पट्ट्यांचं एक खोकं ह्यांनी आठवण म्हणून मागून आणलं. लोक आठवण म्हणून काय काय आणतात! मग सुरू झाली चुळबूळ, पण ती साधी, रिकाम्या माणसाची. माझे टॉवेल उलगडायचे आणि पुन्हा घट्ट गुंडाळायचे. खुर्चीचा पाय हलतो म्हणून चार दिवस खुर्चीची तपासणी. मी म्हटलं, तिलाही प्लास्टर घाला आणि मोकळे व्हा.

उन्हाळा सरला, पानं पिवळी पडायला लागली आणि मी मांडवावरच्या शेवटच्या शेंगा काढायला स्टुलावर चढले. स्टूल सरकलं, मी उजव्या हातावर आले. मनगट जेवायच्या काट्यासारखं वाकलेलं दिसलं. हे धावत आले, बसले, दोन बोटांनी हात चाचपला आणि म्हणाले, "चल, फोटो काढायला हवा."

"काही नको," मी म्हटलं. "तिथं दिवसभर बसवतील. माझा लसूण लावायचाय. सगळ्या गावाचे हात बांधलेत तुम्ही, बायकोचा बांधायला लाज वाटते?"

"अगं, तसं करत नसतात."

"खोकं कपाटावर आहे," मी म्हटलं.

ह्यांनी कपाटाकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला आत्ता कळतं. नको म्हणायचं होतं आणि हवंही होतं. मग उठले, बाह्या सारल्या आणि पाणी ठेवलं. हात ओढून बसवताना माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण प्लास्टर काय घातलंय महाराजा! अंड्यासारखं गुळगुळीत. निळ्या पेनानं तारखा. सहा आठवड्यांनंतरची काढण्याची. शिंपीणबाई बघायला आल्या तेव्हा मी हात असा पुढे केला जसा काही नवीन दागिना दाखवतेय. हे मागे उभे राहून कान खाजवत होते. इतके खूश मी त्यांना निवृत्तीनंतर पाहिलं नव्हतं.

आठव्या दिवशी हे म्हणाले, "सूज उतरली की प्लास्टर सैल पडतं. आज एक फोटो काढून घेऊ." मी म्हटलं, लसूण लावून झाल्यावर. तेव्हा मी खुर्ची टाकून वाफ्यापाशी बसले होते आणि हे गुडघ्यावर बसून, हातमोजे घालून, माझ्या हुकमानं लसणाची एकेक पाकळी जमिनीत खोचत होते. टोक वर! अहो, टोक वर! त्या दिवशी फोटो राहिला. मीच राहू दिला, हे मी कबूल करते.

चौदाव्या दिवशी अंगठ्याला मुंग्या यायला लागल्या. ह्यांनी माझी नखं दाबून रंग बघितला, कोट घातला आणि मला दवाखान्यात नेलं. फोटो झाला. हे आत डॉक्टरांकडे गेले, मी बाहेर बाकावर. बराच वेळ लागला. बाहेर आले आणि म्हणाले, "ठीक आहे. वेळ लागेल." वरून आणखी एक पट्टी घातली गेली आणि आम्ही घरी आलो.

आणि तिथून भिंगरी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा पिईपर्यंत ह्यांनी कुंपणालगतचा अर्धा पाचोळा गोळा केला होता. मला वाटलं, चला, माणसाला बागेची गोडी लागली. गुलाबांच्या बुंध्यांशी मातीचे ढीग घातले, एकसारखे, नऊच्या नऊ. अंजिराच्या फांद्या दोरीनं जवळ ओढून त्यावर गोणपाट गुंडाळलं, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा, आणि आत कोरडा पाचोळा भरला. वर निळ्या पेनानं दोन तारखा! घातल्याची आणि काढण्याची. खुर्चीत हसून हसून माझं पोट दुखलं. "झाडाला लंगडायची सवय लागेल हो," मी म्हटलं. हे हसले नाहीत. तेव्हाच मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, कारण हा माणूस माझ्या रद्दड विनोदालाही हसतो.

मग बागेची उलथापालथ सुरू झाली. बागेतल्या नळाला गोल चावी होती, ती काढून ह्यांनी लांब दांडा बसवला. मी म्हटलं, हिवाळ्यात त्या पाइपातलं पाणी काढून टाकायचं असतं, नळाचे लाड कसले करताय? म्हणाले, "बरा दिसतो." माळ्यावरचे दोन जुने दरवाजे उतरवले, त्याखाली विटा रचल्या, कडेनं फळ्या मारल्या आणि कमरेइतक्या उंचीचे दोन वाफे केले. त्यात माती भरायला माझा भाजीचा तयार वाफा उकरला! फाटकाची कडी काढली, नुसता ढकलला की उघडेल असा आकडा लावला. खुरपं, पंजा, झारी हे सगळं खोपटात उजव्या खिळ्यांवर असायचं, ते डाव्या भिंतीवर गेलं. जेवताना अर्ध्या पोळीवर उठायचे, एक खिळा राहिला म्हणून. रेडिओवर हवामान सांगत असले की ह्यांचा पाय टेबलाखाली हलत राहायचा. वाचायला बसले की चष्मा पुसायचे, घालायचे, पुन्हा पुसायचे. मी एका जागी अडकलेली आणि हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत माझी बाग डावीकडची उजवीकडे करतोय. माझा जीव खालीवर व्हायचा. प्लास्टरचा हात उचलून ह्यांच्या डोक्यात घालावं असं दिवसातून चारदा वाटायचं.

मुलीचा फोन आला तेव्हा मी तक्रार केली. ती म्हणाली, "आई, बाबांना काहीतरी काम हवं असतं गं, करू दे." करू दे! तिच्या बागेत कोणी असं करू दे, मग कळेल.

आणि मग डेलियांवरून भडका उडाला.

रेडिओवर सांगितलं की दोन दिवसांत कडाका पडणार. झाडं आधीच काळी पडली होती, कंद काढायलाच हवे होते. मी सकाळी खोपटातून वाळूच्या पेट्या काढायला सांगितल्या. ह्यांनी एकच पेटी आणली.

"चार लागतात," मी म्हटलं.

"मी काय म्हणतो," हे पेटीकडे बघत म्हणाले, "अर्धे शिंपीणबाईंना देऊ या. त्यांनाही आवडतात. अडतीस म्हणजे फार होतात गं."

"कोणाला फार होतात?"

"तुला. पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी मला काय झालंय? तारीख तुम्हीच लिहिलीय ना ह्याच्यावर? अकरा दिवस राहिलेत! अकरा दिवसांनी माझा हात मोकळा होईल आणि मग बघा, तुमच्या त्या दरवाज्यांचं मी सरपण करते की नाही!"

ह्यांचं तोंड पडलं. फावडं घेऊन डेलियांकडे गेले. मी मागून तोंडाचा पट्टा सोडला. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एक मात्र लिहिते, कारण ते मला अजून बोचतं. मी म्हटलं, "दवाखान्यानं रिकामं केलं म्हणून मला पांगळी करताय का? पेशंट पाहिजे ना तुम्हाला घरात?"

ह्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पहिलं झाड उकरलं. फावडं फार जवळ मारलं आणि कंदाची मान मोडली, मला आवाज ऐकू आला.

मी रागानं खोपटात गेले. म्हटलं, एका हातानं का होईना, उरलेल्या पेट्या मीच काढते. पेट्यांच्या मागे दुकानाची पिशवी होती. आत एक कात्री, झाडं छाटायची, नवीकोरी. चांगली महागाची. मला वाटलं, वा, माझ्यासाठी आणलीय आणि लपवून ठेवलीय. मी मोकळ्या हातानं, म्हणजे डाव्या हातानं, ती उचलली आणि उघडझाप करून पाहिली.

ती हातात बरोबर बसली.

आता ज्यानं कधी छाटणी केली नाही त्याला हे कळणार नाही. साधी कात्री डाव्या हातात बसत नाही. मूठ उलटी येते, पातं काय कापतंय ते दिसत नाही, खटका भलत्या बाजूला येतो. ही मात्र सगळी बरोबर. खटका डाव्या अंगठ्याखाली. पुठ्ठ्यावर लिहिलंच होतं, डावखुऱ्यांसाठी. आमच्या घरात डावखुरं कोणी नाही.

मी तिथं उभी राहिले. डाव्या भिंतीवर माझं खुरपं टांगलेलं होतं. दारातून नळाचा लांब दांडा दिसत होता, कोपरानं ढकलला तरी पाणी येईल असा. त्याच्या पलीकडे कमरेइतके वाफे. वाकून, एक हात जमिनीवर टेकवून काम करावं लागू नये असे. मी उजव्या हाताची बोटं बघितली, प्लास्टरच्या बाहेर आलेली. मुठीसारखी वळवायला गेले. ती थोडी वळली आणि थांबली, रोजच्यासारखी. रोज मी स्वतःला सांगत होते की प्लास्टरमुळे अडतंय.

कात्री घेऊन मी बाहेर आले.

"अहो."

ह्यांनी पाहिलं आणि फावडं सोडून दिलं. ते पडलं तसं पडू दिलं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"सतरा."

"फोटोच्या दिवसापासून?"

"हो."

"सतरा दिवस तुम्ही नळ बदलत बसलात?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "एकतीस वर्षं परक्यांना तोंडावर सांगत आलात. सिस्टरच्या शिव्या खाऊन सांगत आलात. आणि मला कात्री आणलीत?"

"त्यांचा हात मी बिघडवलेला नव्हता," हे म्हणाले.

माझ्याकडे बोलायला खूप होतं, अगदी जिभेवर आलं होतं. पट्ट्या मुदत संपलेल्या होत्या. आठव्या दिवशी फोटो काढायचा असतो हे तुम्हाला माहीत होतं. पण खोकं कपाटावर आहे असं कोण म्हणालं होतं? लसूण लावून झाल्यावर असं कोण म्हणालं होतं? मी. आणि तरीही राग आला होता, खरा राग, हात बिघडला म्हणून नव्हे. सतरा दिवस मला त्या खुर्चीत बसवून माझ्यावाचून माझी सोय लावत होते म्हणून.

खोपटाशी शेंगांचं ते स्टूल पडलेलं होतं. मी पायानं ते ह्यांच्याकडे सरकवलं आणि माझ्या खुर्चीत जाऊन बसले.

"बसा," मी म्हटलं. "तिथं जसं सांगायचात तसं सांगा. एक शब्द कमी नको."

हे आधी बसेचनात. हातमोजे काढले, पुन्हा घातले, पुन्हा काढले. मग स्टूल ओढून माझ्यासमोर बसले आणि माझा डावा हात धरला. ह्यांच्या हाताला माती होती, भेगांतसुद्धा. मी पहिल्यांदाच ह्यांच्या हाताला माती पाहत होते. आवाज मात्र ओळखीचा नव्हता. घरातला नव्हता. तो त्या खोलीतला आवाज असणार, जो मी इतकी वर्षं नुसता ऐकून होते.

"मनगटाचं हाड बसवलेल्या जागेवरून सरकलंय आणि तसंच जुळायला लागलंय," हे म्हणाले. "अंगठ्याच्या शिरेवर दाब आलाय. असंच ठेवलं तर मूठ पूर्ण वळणार नाही, मनगट फिरणार नाही, जोर येणार नाही. शस्त्रक्रिया करता येते. हाड सोडवून धातूची पट्टी टाकून पुन्हा बसवायचं. डॉक्टर म्हणाले, लवकर केलं तर बरंच परत येईल. सगळं येणार नाही. हा हात पूर्वीसारखा होणार नाही. आणि त्यांनी तुला विचारून लवकर कळवा म्हणून सांगितलं होतं. मी विचारलं नाही. मला तोंड उघडता आलं नाही."

वाऱ्यानं पाचोळा आमच्या पायांवरून गेला. माझ्या डोळ्यांपुढे एकच आलं, काय मूर्खपणा बघा, की कंदाखाली हात घालायचा असतो आणि त्याचा भार तळव्यावर जाणवायचा असतो, आणि तो हात हा उजवा.

"सांगून झाल्यावर काय करायचात?" मी विचारलं.

"काही नाही. थांबायचो."

"मग थांबा."

आणि मी रडले. चांगली मोठ्यानं, शिंपीणबाईंच्या खिडकीचा पडदा हलला तरी रडले. मध्ये भांडले, एकदा डाव्या हातानं ह्यांच्या खांद्यावर मारलंही. ह्यांनी माझा हात सोडला नाही आणि एक शब्द बोलले नाहीत. पाय हलला नाही, चष्मा पुसला नाही. सतरा दिवस घराला सळो की पळो करून सोडलेला माणूस त्या मोडक्या स्टुलावर ऊन कुंपणाच्या पलीकडे जाईपर्यंत बसून राहिला.

मग मी नाक पुसलं.

"उद्या सकाळी जाऊ आणि डॉक्टरांना तारीख मागू," मी म्हटलं. "कोणती ते मी ठरवणार. तुम्ही नाही."

"बरं."

"आणि शिंपीणबाईंना एकही कंद जाणार नाही."

"बरं," हे म्हणाले, आणि आता कुठे त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी ते त्यांना पुसू दिलं नाही, हात मातीचे होते.

कडाका यायला अजून एक दिवस होता. मी ह्यांना दाखवलं, फावडं कुठे मारायचं, बुंध्यापासून एक हात लांब, आणि खालून उचलायचं. मी गुडघ्यावर बसले, डावा हात कंदाखाली घातला. ह्यांनी उजवा घातला, माझ्या हाताच्या शेजारी. पहिला कंद मोडला, दुसराही मोडला, मी दोन शिव्या दिल्या. तिसरा अख्खा आला. ह्यांनी निळं पेन काढलं आणि मी पेटीवर तारीख लिहू दिली.